रिकामे वीस सेकंद

४ मार्च

ताई,

फोनवर आपलं भांडण होतं म्हणून यापुढे कामाचं सगळं पत्रातून, हे तूच ठरवलंस. तेव्हा आता तक्रार न करता पूर्ण वाच. मधलं गाळून शेवट वाचायची तुझी सवय मला माहीत आहे.

हॉलच्या मालकीणबाईंनी शेवटी होकार दिला. स्टेजच्या मागची सामानाची खोली मला मिळाली. तिथे रेकॉर्डिंगची खोली करायची. शनिवारचं गाणंबजावणं पूर्वीसारखंच हॉलमध्ये होईल, एकशे दहा खुर्च्यांसमोर. पण उरलेले सहा दिवस हॉल नुसता झाडून ठेवायला परवडत नाही, असं बाईंचं म्हणणं. त्या सहा दिवसांत वादकांनी मागच्या खोलीत येऊन रेकॉर्डिंग करावं. हे जमलं नाही तर १ जूनपासून खोली शेजारच्या फरशीवाल्याला गोदाम म्हणून जाईल. स्टेजचं मागचं दार त्याच खोलीत आहे. तिथे फरश्या रचल्या की वादकांनी वाद्यं घेऊन यायचं कुठून? म्हणजे आधी खोली जाणार, मग स्टेज, मग हॉल. तेवीस वर्षं मी या हॉलचा आवाज सांभाळतोय. हे मी होऊ देणार नाही.

तारीख ठरली आहे, २८ मे. पहिलं रेकॉर्डिंग व्हायोलिनवाल्या बाईंचं. वय एकाहत्तर. आमच्या स्टेजवर मी लागण्याआधीपासून वाजवतात आणि आजवर एकदाही रेकॉर्ड झालेल्या नाहीत. 'डब्यातलं वाजवणं मला नको' म्हणायच्या. मी त्यांच्या घरी तीनदा गेलो. तिसऱ्यांदा हो म्हणाल्या, बहुधा मी चौथ्यांदा येऊ नये म्हणून. त्या समाधानाने बाहेर पडल्या तर बाकीचे आपणहून येतील. त्यांनी नाक मुरडलं तर कोणी फिरकणार नाही.

मालकीणबाईंचं मत पडलं की एखादा शिकलेला इंजिनिअर बोलवावा. मी सांगितलं, कॉलेजात शिकवतात ते सगळं मी वाचलंय आणि वर हातानं केलंय. मग म्हणाल्या, पूर्वीसारखे दोघं असतात तर बरं झालं असतं. मी विषय बदलला. चौदा वर्षं माझ्या जोडीला डाव्या हाताने काम करून डावऱ्या निघून गेला, त्याला आता नऊ वर्षं झाली. तरी लोकांच्या तोंडातून 'दोघं' काही जात नाही.

आता तुझ्याकडून हवं ते. जाड पडदे, आतून लोकरीचं अस्तर, चुण्या दुप्पट. खोली १३ फूट ४ इंच लांब, ९ फूट २ इंच रुंद. चारही भिंती झाकायच्या. पडद्याची उंची ८ फूट १० इंच. 'अंदाजे' हा शब्द तुझ्या दुकानात चालत असेल, माझ्या खोलीत चालणार नाही.

तुझा भाऊ

११ मार्च

भाऊसाहेब,

पत्र पूर्ण वाचलं. शेवट आधी वाचला, पण मग पूर्ण वाचलं.

'अंदाजे'बद्दल एवढंच सांगते की तू चौथीत असताना तुझी शाळेची चड्डी मी अंदाजे शिवली होती आणि ती तुला तीन वर्षं पुरली.

कापड मिळालं. गडद निळं आहे, तू रंग सांगितलाच नव्हतास. तेरा-चार, नऊ-दोन अशी मापं कापायच्या टेबलावर खडूने मोठी लिहून ठेवली आहेत, म्हणजे विसरायला नको. गिऱ्हाईक विचारतं, हा कोणाचा सदरा?

एक विचारायचं होतं. चारही भिंती झाकायलाच हव्यात का? कोटाला सगळीकडून जाड अस्तर लावलं की माणसाला त्यात हात उचलता येत नाही. एक भिंत मोकळी ठेव आणि तिथे लाकडाच्या फळ्या ठोक, थोड्या मागेपुढे. मला आपलं वाटलं ते लिहिलं. राग मानून घेऊ नकोस, घेतलास तरी पडदे येतीलच.

ताई

६ एप्रिल

ताई,

पडदे माप चुकवून आले नाहीत, हे आधी लिहितो. एक पडदा पाव इंच जास्त आहे, तो मी मोजलाच नाही असं समज.

कापड वाचवायला तू एक भिंत सोडायला सांगतेस असं मला वाटलं, म्हणून मी चारही भिंती झाकल्या. गेल्या मंगळवारी व्हायोलिनवाल्या बाई खोली बघायला आल्या. दोन मिनिटं वाजवलं आणि गज खाली ठेवला. म्हणाल्या, "मी वाजवते ते माझ्याकडे परतच येत नाही. उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखं वाटतं." मला राग आला. मग त्या गेल्यावर मी खोलीच्या मध्यभागी उभा राहून एकदा टाळी वाजवली, आणि राग गेला. टाळी माझ्या हातातच मेली होती.

लांबीकडची एक भिंत उघडी केली. फळ्या ठोकल्या, मागेपुढे, बावीस. शुक्रवारी बाई परत आल्या आणि पंधरा मिनिटं वाजवत राहिल्या. तेव्हा तुझं खरं निघालं. शिवणकामातून तुला हे कसं उमगलं, ते सवडीने लिही.

एक मात्र त्यांनी बजावलं आहे. रिकाम्या खोलीत त्या वाजवणार नाहीत, समोर ऐकायला कोणीतरी बसलेलं हवं. मी बसू शकत नाही. मी बाहेर, स्टेजच्या कडेला मिक्सरवर. खोलीतल्या माईकची वायर भिंतीतून माझ्याकडे येते.

आता खरी अडचण. कोणी काही वाजवत नसतानाही हेडफोनमध्ये एक आवाज येतो. घूंऽऽ असा, बारीक नाही, जाड, पोटातून आल्यासारखा. बाहेरची वाहनं नाहीत, तपासलं. दिवे बदलले. पाण्याची मोटर बंद करून पाहिली. अकरा वायरी एकेक करून बदलल्या. जुन्या बनावटीची चांगली माईकची वायर हल्ली मिळत नाही, नाही तर तीही शंका फेडून घेतली असती. अर्थिंगचा तर प्रश्नच नाही. बिघडलेली वीज माणसात न शिरता जमिनीत जावी म्हणून जो खड्डा करतात, तो या खोलीसाठी मी जानेवारीतच नवा खणला, स्वतः, साडेसहा फूट, बाईंचा होकार येण्याआधीच. हॉलचा जुना खड्डा मागच्या पायरीखाली आहे, पण तो डावऱ्याने केलेला. माझ्या खोलीत त्याचं काही नको.

सोबत मेमरी कार्ड पाठवतोय, बाईंच्या शुक्रवारच्या वाजवण्याचं. तुझ्या दुकानातल्या रेडिओत घाल. सुरुवातीचे वीस सेकंद रिकामे आहेत, ती खोलीची शांतता. कुठलंही रेकॉर्डिंग मी आधी वीस सेकंद रिकामं घेतो, खोली कशी आहे ते त्यातच कळतं. घूं तिथे ऐकू येईल. बावन्न दिवस उरलेत. मी शोधून काढीन.

तुझा भाऊ

१४ एप्रिल

भाऊसाहेब,

व्हायोलिन ऐकलं. काजं करत होते, ती तशीच राहिली. एवढं पुरे ना कौतुक?

घूं पण ऐकलं. मला विचारशील तर, एका हॉलला दोन खड्डे कशाला? खोलीची वीज एका जमिनीत जाते, मिक्सरची दुसऱ्या, आणि मधे तुझी माईकची वायर दोघींना जोडून उभी. दोन सासवांच्या मधे सून असावी तशी. कुरकुर होणारच. खोली आणि हॉल दोन्ही एकाच खड्ड्याला जोडून बघ. आमच्या इथे इस्त्रीला झटके बसायचे तेव्हा वायरमन असंच काहीतरी बोलला होता.

वेगळ्या पार्सलने माईकची वायर पाठवते आहे, वीस मीटर, जुन्या बनावटीची. ओळखीच्यांकडे पडून होती.

ताई

२० एप्रिल

ताई,

वायर मिळाली.

एक वेढा सरळ, एक उलटा, म्हणजे उलगडताना पीळ पडत नाही. अशी वायर या धंद्यात बरेच जण गुंडाळतात, मीही गुंडाळतो. पण माझे वेढे उजवीकडून पडतात. हे डावीकडून पडलेत. आणि शेवटाला कापडाची पट्टी, दोनदा फिरवून खाली खोचलेली. चौदा वर्षं ही गुंडाळी मी रोज सोडत आलो. ती कोणाची, हे मला तुला विचारायला नको.

म्हणजे फळ्या त्याच्या. दोन सासवा त्याच्या. आणि मी तुला शाबासकी देत बसलो.

त्या शनिवारचं तू विसरली असशील तर आठवण करून देतो. भरल्या हॉलमध्ये गायिकेच्या ओठांना माईकचा झटका बसला. मिक्सरच्या प्लगमधली अर्थची तार स्क्रूखालून निसटली होती. डावखुऱ्या माणसाची तार स्क्रूवर उलटी गुंडाळली जाते, पिळताना बाहेर ढकलली जाते, हे मी त्याला शंभरदा सांगितलं होतं. तेच मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो. त्याने उलट शब्द काढला नाही, हत्यारांची पेटी उचलली आणि गेला. बिनचूक माणूस असा जात नाही.

वायर परत पाठवतोय. घूं मी माझा शोधीन.

भाऊ

२७ एप्रिल

भाऊसाहेब,

वायर परत आली. तू ती उजवीकडून गुंडाळून पाठवलीस, तेही लक्षात आलं.

चोरी सापडली, आता सगळं सांगते. चार वर्षं झाली, तो इथे दोन गल्ल्या सोडून राहतो. शिवणयंत्रांच्या मोटरी दुरुस्त करतो, माझ्या तिन्ही त्याच्याच हाताखालून जातात. तुझं नाव त्याने कधी काढलं नाही, मीही नाही. मार्चमध्ये पट्टा बदलायला आला होता. टेबलावर खडूने लिहिलेलं तेरा-चार, नऊ-दोन बघून थांबला आणि म्हणाला, ही तर मागची खोली. वायरींच्या फळ्या बसवताना तुम्ही दोघांनी मोजली होती म्हणे. मग विचारलं, चारी बाजू झाकतोय का तो? मी हो म्हटलं. मान हलवत बसला.

कार्ड त्यानेच ऐकलं. आणखी एक तुला माहीत नसेल. त्याला आता बारीक आवाज ऐकू येत नाहीत. दाराची घंटा कळत नाही, माझ्या कुकरची शिट्टी कळत नाही. व्हायोलिन त्याला अर्धंच ऐकू आलं असणार. पण जाड आवाज येतात. रेडिओवर तळहात ठेवून त्याने ते वीस सेकंद सात वेळा ऐकले आणि खड्डे किती आहेत ते विचारलं. तुझं पत्र मी वाचून दाखवलं. 'त्याचं काही नको' हे गाळलं.

त्या शनिवारबद्दल मी तुझंच ऐकत आले, भाऊ म्हणून. परवा पहिल्यांदा त्याला विचारलं, चूक तुझी होती का रे? तो म्हणाला, "ते त्यालाच विचारा."

म्हणून विचारते.

ताई

१० मे

ताई,

तेरा दिवस उत्तर दिलं नाही. कामात होतो असं लिहिणार होतो. कामात होतोच, पण ते कारण नव्हे.

तो शनिवार झाल्यावर बुधवारी मी तो प्लग उघडला. डावऱ्याची चूक एकदा डोळ्यांनी बघायची होती. आतली तार स्क्रूवर उजवीकडून गुंडाळलेली होती. टोकाला सोल्डर, म्हणजे वितळवलेलं कथील, चढवलेलं होतं, गुळगुळीत, चकचकीत. तारेच्या टोकाचे केस विस्कटू नयेत म्हणून सोल्डर चढवायची सवय माझी. त्याची नाही. त्याने मला किती वेळा सांगितलं होतं की स्क्रूखाली सोल्डर दबत जातं, आज घट्ट असलेला स्क्रू वर्षाने ढिला होतो. मी म्हणायचो, दिसायला बघ किती नीट दिसतं.

माझा हात मी ओळखतो. झटका माझ्या गुंडाळीचा होता.

बुधवारीच त्याच्याकडे जायला हवं होतं. म्हटलं, रविवारी जाऊ. मग तो गाव सोडून गेल्याचं कळलं आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. प्लग फेकवला नाही. नऊ वर्षं माझ्या खणात आहे. मालकीणबाई, तू, सगळे वादक, कोणालाही मी हे बोललो नाही. लिहायलाही आज तीन कागद फाडले.

आता घूं. काल सकाळी मेन बंद करून माझ्या नव्या खड्ड्याची तार सोडवली आणि खोलीची तार मागच्या पायरीखाली, त्याच्या खड्ड्याला नेली. सोळा फूट आठ इंच. मेन चालू केला, हेडफोन लावले. काही नाही. मला वाटलं हेडफोन बिघडले. मग खोलीतलं घड्याळ ऐकू आलं. ते घड्याळ तिथे दोन महिने लटकतंय आणि मी ते प्रथमच ऐकत होतो. साडेसहा फूट माती मी त्याच्या खड्ड्यावर माझी खोली उभी राहू नये म्हणून उपसली होती, आणि तीच रग माझ्या हेडफोनमध्ये घुमत होती.

सोबतच्या पुडीत प्लग आहे. त्याला दे. चिठ्ठी लिहिली नाही, तो बघून समजेल. आणि विचार, २८ तारखेला येशील का. बाईंच्या समोर खोलीत कोणीतरी बसायला हवं. मालकीणबाई म्हणतात मी बसते, पण त्यांच्या बांगड्या वाजतात. तो आला नाही तरी रेकॉर्डिंग मी करणारच. आला तर नीट होईल.

तुझा भाऊ

१८ मे

भाऊ,

पुडी दिली. त्याने प्लग उघडला, खिडकीपाशी नेला, दोनदा फिरवला आणि शर्टाच्या खिशात घातला. मग माझी मोटर पूर्ण जुळवली. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "अजून टोकाला सोल्डर चढवतो का, विचारा." तेव्हा कळव.

येण्याचं मी विचारलं. म्हणाला, व्हायोलिन ऐकायला मी काय कामाचा? मी सांगितलं, कामाचा नसशील, पण तुझ्या हातात बांगड्या नाहीत. हसला की खोकला ते कळलं नाही. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

तू नऊ वर्षं माझ्याशी खोटं बोललास त्याचा हिशेब मी फोनवर करीन, पत्रात मावायचा नाही. पण तीन कागद फाडून चौथा लिहिलास, तो मी जपून ठेवला आहे.

ताई

३० मे

ताई,

नाही. सोल्डर चढवत नाही. २२ तारखेपासून हॉलमधले एकतीस प्लग उघडून साफ केले. त्याला सांग असं लिहिणार होतो, पण मी स्वतःच सांगितलं.

२८ ला सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तो मागच्या दारातून आला. खांद्यावर तीच वीस मीटर वायर, डावीकडून गुंडाळलेली. केस पार गेलेत त्याचे, तू लिहिलं नव्हतंस. मला म्हणाला, "तो नवा खड्डा बुजवलास का?" मी नाही म्हटलं. म्हणाला, "बुजव. कोणीतरी पडेल." नऊ वर्षांनी हे पहिलं बोलणं.

व्हायोलिनवाल्या बाई पावणेदहाला आल्या, मालकीणबाई होत्याच. मी सगळ्यांना स्टेजवर थांबवलं. घरून वाक्य तयार करून आणलं होतं, ते गेलं कुठल्या कुठे. मी म्हणालो, "त्या शनिवारी मी याच जागेवरून याचं नाव घेतलं होतं. तो प्लग माझा होता." हॉल रिकामा होता, तरी एकशे दहा खुर्च्या माझ्याकडे बघतायत असं वाटलं.

डावऱ्या म्हणाला, "मला तेव्हाच माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझा प्लग होता. तू उघडायचा."

मालकीणबाई चहाचं बघायला निघून गेल्या. व्हायोलिनवाल्या बाईंनी विचारलं, झालं का तुमचं? मला सुरात यायचं आहे.

त्याच्याच वायरीवर माईक लावला. तो बाईंच्या समोर लाकडी खुर्चीत बसला, एक तळहात मागच्या फळ्यांवर टेकवून. मी बाहेर मिक्सरवर. भिंतीतल्या काचेतून मला दोघं दिसत होते. बाई आधी डोळे मिटून वाजवत होत्या. मग केव्हातरी त्यांनी डोळे उघडले आणि त्याचा हात पाहिला. त्याला काय ऐकू येतं आणि काय नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. पण त्यानंतर त्या खालच्या जाड तारेवर आल्या आणि कितीतरी वेळ तिथेच राहिल्या. तिथे त्या इतक्या थांबत नाहीत, मी तेवीस वर्षं ऐकतोय. एकूण एकेचाळीस मिनिटं. मी एकही बटण हलवलं नाही.

मग हेडफोन लावून बसल्या. पूर्ण ऐकलं, मधे एकदा स्वतःच्याच चुकीवर जीभ चावली. काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "डबा बरा आहे." त्यांच्या दोन शिष्यिणी येत्या बुधवारी येतायत, त्यानंतर एक बासरीवाला. मालकीणबाईंनी फरशीवाल्याला काल नकार कळवला आणि खोलीची किल्ली मला दिली. मी म्हटलं, दुसरी करून घ्या. त्यांनी कोणासाठी ते विचारलं नाही.

संध्याकाळच्या गाडीने तो परत गेला. पुढच्या सोमवारी येतोय, दर सोमवारी, तुझ्या मोटरी शनिवारी बघून ठेवेल म्हणाला. जाताना खिशातून तो प्लग काढून मिक्सरला बसवून गेला. तारेचं सोल्डर कापून टाकलंय, टोकाला छोटी पितळी टोपी दाबून बसवलीये. मी उघडून स्क्रू पिळून पाहिला. ढिला नव्हता. पाहिला म्हणून त्याला सांगू नकोस, त्याला माहीत असणारच.

सोबत कार्ड आहे. काजं बाजूला ठेव आणि रेडिओ मोठा कर. सुरुवातीचे वीस सेकंद नेहमीप्रमाणे रिकामे आहेत. घूं नाही, घड्याळही मी उतरवून ठेवलं होतं. अकराव्या सेकंदाला खुर्ची कुरकुरते. तो नीट बसतोय. काढायची म्हटली तर काढता येते, दोन मिनिटांचं काम आहे.

काढलेली नाही.

तुझा भाऊ